धमनीतला थर आणि दशांश मिलिमीटरचा हिशोब

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांबाहेर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "टूडी इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही." तसं नसतं. छातीवरून केलेली ही सोनोग्राफी हृदयाचे स्नायू, झडपा आणि पंपिंग दाखवते; हृदयाच्या धमनीच्या भिंतीत साचलेला थर तिला दिसत नाही. अँजिओग्राफीतही दिसते ती डाय भरलेली पोकळीच. आणि धमनी मोठी लबाड! थर वाढू लागला की ती आधी बाहेरच्या बाजूने फुगते. थराने साधारण 40 टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होत नाही, हे शिकागोचे पॅथॉलॉजिस्ट सेमोर ग्लागोव्ह यांनी 1987 मध्ये दाखवलं.

थर मोजायचा तर धमनीत शिरावं लागतं. त्यासाठी आयव्हस, म्हणजे धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी: जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा कॅथेटर (बारीक नळी), टोकाला अल्ट्रासाउंडचा स्रोत. तो सावकाश मागे ओढला जातो आणि धमनीचे आडवे छेद पडद्यावर उमटतात. प्रत्येक छेदात दोन कडा आखायच्या, एक रक्ताच्या पोकळीची, दुसरी भिंतीच्या बाहेरच्या पदराची. मोठ्यातून लहान क्षेत्रफळ वजा केलं की उरला तो थर. (भिंतीतला स्नायूचा पातळ पदरही त्यात मोजला जातो, त्याला इलाज नाही.)

खरी मेख कडा आखण्यात आहे. 40 मेगाहर्ट्झच्या कॅथेटरला साधारण 0.1 मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा काढता येत नाही. समजा, बाहेरचं क्षेत्रफळ 16 चौरस मिलिमीटर आणि पोकळी 10. म्हणजे थर 37.5 टक्के. आता आतली कड सगळीकडून फक्त 0.1 मिलिमीटर बाहेर सरकवा. पोकळी 11.15 होते आणि थर 30 टक्क्यांवर येतो. त्यात कॅल्शियम असलं तर आवाज तिथूनच परततो, मागे काळी सावली पडते आणि बाहेरची कड दिसेनाशी होते. कॅथेटर तिरका बसला तर गोल धमनी लंबगोल दिसते. शिवाय हृदय धडधडत असतंच.

मग 2006 च्या अ‍ॅस्टेरॉइड अभ्यासाचं काय? रोसुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध रोज 40 मिलिग्रॅम असं दोन वर्षं दिल्यावर थराचं प्रमाण सरासरी 0.98 टक्क्याने घटलं. एका छेदातली चूक सात टक्क्यांची आणि औषधाचा परिणाम एक टक्क्याचा! तरीही तो आकडा मला विश्वासार्ह वाटतो. तो एका छेदाचा नव्हे, धमनीच्या लांबच लांब तुकड्यातल्या कित्येक छेदांचा आणि 349 रुग्णांचा आहे. इकडच्या-तिकडच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. शिवाय तोच तुकडा आधी आणि नंतर मोजला, की दोन्ही वेळी सारखीच झालेली चूक वजाबाकीत निघून जाते. तुलनेसाठी प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणारा गट नव्हता, ही मात्र त्या अभ्यासातली खरी उणीव.

एकट्या रुग्णाला हे संरक्षण नाही. त्याच अभ्यासात सुमारे 36 टक्के जणांचा थर घटल्याचं दिसलं नाही. त्यांतल्या किती जणांचा खरंच वाढला आणि किती जणांच्या बाबतीत कड इकडची तिकडे झाली, हे एकेका रिपोर्टवरून ठरवता येत नाही. म्हणून "तुमचा थर एक टक्क्याने कमी झाला" असं एकाच माणसाला सांगण्यात फारसा दम नाही.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, आयव्हस लागतो तो बहुधा दुसऱ्याच कामासाठी: स्टेंट केवढा घ्यायचा आणि तो भिंतीला नीट टेकला का, हे पाहायला. स्टेंट 2.5, 2.75, 3 मिलिमीटर अशा मापांत येतात. तिथे दशांश मिलिमीटरची चूक सहज खपून जाते.