पेशीपटलातले मेद, केमो आणि सांगलीची हळद

मिरजेत केमो घेणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना औषधांची नावं तोंडपाठ असतात. जत, कवठेमहांकाळ इथूनच नव्हे, तर सीमेपलीकडच्या अथणी-रायबागेतूनही माणसं उपचाराला इथे येतात. औषध नेमकं काय करतं असं विचारलं, तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: कॅन्सरच्या पेशीचा डीएनए मोडतं. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. पेशीभोवतीच्या मेदाच्या पटलाचा या मरणात हात किती, हे कळायला विज्ञानाला शंभरेक वर्षं लागली. त्या हिशेबात सांगलीची हळदही येऊन बसते.

जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीतही लवकर शिरतात, हे ओव्हर्टन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं होतं. 1925 साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद अॅसिटोनने काढला, पाण्यावर पसरवला आणि त्या थराचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे पटल दुपदरी. गंमत अशी, की मेद पुरता निघालाच नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन चुकांची वजावट झाली आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

1972 हे वर्ष दोन अंगांनी महत्त्वाचं. सिंगर आणि निकोल्सन यांनी सांगितलं की पटल घट्ट नसून प्रवाही आहे आणि प्रथिनं त्यात तरंगतात. त्याच वर्षी केर, वायली आणि करी यांनी पेशीच्या शिस्तबद्ध मरणाचं वर्णन केलं, त्याला अपॉप्टॉसिस हे नाव दिलं. हे दोन धागे जुळायला वीस वर्षं गेली. पटलाच्या आतल्या पदरात राहणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद मरणाऱ्या पेशीत बाहेरच्या पदरावर येतो आणि त्यावरून महाभक्षी पेशी तिला ओळखून गिळतात, हे 1992 मध्ये दिसलं. औषधाने पेशी मेल्या का, हे पाहायला आज प्रयोगशाळेत अॅनेक्सिन हे प्रथिन सर्रास वापरतात, ते याच मेदाला चिकटतं. पण इथवर पटलाचं काम मरणाची बातमी देण्यापुरतंच होतं.

पटलाचा त्यापलीकडे काही वाटा असावा, असा संशय आणणारा प्रयोग 1982 मध्येच झाला होता. ट्रिटन आणि यी यांनी अॅड्रियामायसिन, म्हणजेच डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, अॅगरोज या जेलच्या मण्यांना पक्कं जोडलं. मणी पेशीपेक्षा मोठे, त्यामुळे औषधाला आत जायला वाटच नाही. हे मणी उंदराच्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींत मिसळले, तरी पेशी मेल्या. डीएनएला हात न लावता! पाठ्यपुस्तकांत मात्र डीएनएचंच पारडं जड राहिलं, आणि ते अगदीच अन्यायाचं नव्हतं, कारण डॉक्सोरुबिसिन डीएनएतही गुंतून बसतं हे पक्कं ठाऊक होतं.

दरम्यान 1976 मध्ये जुलियानो आणि लिंग यांना औषधांना न जुमानणाऱ्या पेशींच्या पटलावर पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन सापडलं. आलेलं औषध बाहेर फेकणारा हा पंप. हा पंप औषध पेशीच्या आतल्या पाण्यातून नव्हे तर पटलाच्या मेदातूनच उचलत असावा, असा विचार 1992 मध्ये मांडला गेला. म्हणजे औषध चालणार की नाही, याचा बराचसा निकाल पटलातच लागतो.

सगळ्यात उलगडून पाहण्याजोगी गोष्ट सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाची. पटलात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन या मेदांचे दाट पुंजके असतात, ही कल्पना 1997 मध्ये सिमन्स आणि इकोनेन यांनी ‘लिपिड राफ्ट’ या नावाने मांडली. (हे पुंजके साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून बरीच वर्षं भांडणं झाली.) 2004 मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर सिसप्लॅटिन घालून पाहिलं गेलं. स्फिंगोमायलिन तोडणारं एक विकर (एन्झाइम) जागं झालं, सिरामाइड नावाचा मेद तयार झाला आणि फास हे मरणाचा आदेश घेणारं प्रथिन पुंजक्यांत गोळा झालं. पुढे कॅस्पेस या पेशीला आतून मोडणाऱ्या विकरांची साखळी सुरू. कोलेस्टेरॉलला अडकवणारं द्रव्य सोबत असलं की फास गोळा होत नसे आणि मरणाऱ्या पेशीही कमी होत. हे सगळं घडवणारं औषध ‘डीएनए मोडणारं’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, हे इथे विसरू नये.

काही औषधं तर डीएनएच्या वाटेला जातच नाहीत. एडेलफोसिन आणि मिल्टेफोसिन हे मेदासारखेच रेणू पटलात जाऊन बसतात. मिल्टेफोसिन कॅन्सरसाठी बनवलं गेलं, पण पोटात घेतल्यावर मळमळ आणि उलट्या इतक्या, की ते स्तनांच्या कॅन्सरच्या त्वचेवरच्या गाठींना वरून लावण्यापुरतंच उरलं. पुढे 2002 मध्ये भारताने ते काळ्या आजारावर तोंडाने घ्यायचं औषध म्हणून मान्य केलं. कॅन्सरच्या दारातून परत गेलेलं औषध बिहारच्या पेशंटना उपयोगी पडलं.

2012 नंतर चित्र आणखी बदललं. न्यूयॉर्कमधल्या स्टॉकवेल यांच्या गटाने फेरॉप्टॉसिस नावाचं वेगळं मरण मांडलं. यात पटलातली बहुअसंतृप्त मेदाम्लं लोहाच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि पटलच फाटतं. डब्यातलं तेल खवट होतं ती जवळपास हीच रसायनक्रिया. जीपीएक्स-४ हे विकर पेशीला यातून वाचवतं, म्हणून ते बंद पाडणारे रेणू शोधण्याची धडपड चालू आहे. पटलात अशी मेदाम्लं भरणारं एसीएसएल-४ हे विकर नसेल तर पेशी सहजी मरत नाही, हे 2017 मध्ये दिसलं. ओलेइक हे एकअसंतृप्त मेदाम्ल दिलं तरी पेशी तगून राहतात, असं 2019 मध्ये आढळलं. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक हे बहुअसंतृप्त मेदाम्ल जास्त, शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक बऱ्यापैकी. म्हणून पेशंटने घाण्याचं कुठलं तेल खावं, हा सल्ला मात्र यातून काढू नये. ताटलीतल्या पेशींवर ओतलेलं मेदाम्ल वेगळं आणि ताटातली फोडणी वेगळी.

आता हळद. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षं साठवली जायची, 2005 च्या महापुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली. हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅन्सरविरोधी गुणाकडे 1985 मध्ये केरळमधल्या त्रिशूरच्या कुट्टन आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने लक्ष वेधलं. त्यानंतर निबंधांचा पूर आला. कर्क्युमिन प्रत्येक प्रथिनावर काम करतं असं वाटू लागलं, आणि माझ्या मते तिथेच शंका यायला हवी होती. कर्क्युमिन पटलाच्या मेदात घुसतं, त्याची जाडी आणि लवचिकता बदलतं. पटल हललं की त्यात रुतलेल्या अनेक प्रथिनांचं वागणं एकदम बदलतं. त्यात कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं. 2017 मध्ये औषधरसायनाच्या अभ्यासकांनी या साऱ्याचा सविस्तर आढावा घेतला, तो फारसा उत्साहवर्धक नव्हता.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष 2002 चा आहे. स्तनांच्या कॅन्सरच्या पेशींना केमोच्या काही औषधांसोबत कर्क्युमिन दिलं तेव्हा त्या कमी मेल्या. उंदरांना खाद्यातून कर्क्युमिन दिल्यावर सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाने गाठ आटण्याचं प्रमाणही घटलं. ही पेशींतली आणि उंदरांतली निरीक्षणं आहेत, माणसांतली नाहीत. तरी आमटीतली चिमूटभर हळद हा एक प्रश्न आणि केमो चालू असताना कुणीतरी सांगितलं म्हणून रोज घेतलेली कर्क्युमिनची कॅप्सूल हा दुसरा. ती कॅप्सूल सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं, आणि आधीच सुरू असेल तर लपवू नये.