थंडीने ताठरणारं सील

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या हायड्रॉलिकच्या गाळ्यात जेसीबीचा सिलिंडर उघडलेला असेल, तर त्यातून निघालेलं जुनं सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, हातात घेऊन बघा. तापलेल्या तेलात वर्षानुवर्षं राहून ते कडक झालेलं असतं, वाकवलं की चिरतं. ठाण्यात रबराला मारते ती उष्णता. गुलमर्गच्या स्की उतारावर तेच काम थंडी करते, तेही एका रात्रीत.

उतारावरचा बर्फ सारखा करणाऱ्या यंत्राला स्नो ग्रूमर म्हणतात. पुढचं पातं बर्फ ढकलतं, मागचा दातेरी रोलर कडक थर फोडून त्याचा भुगा करतो. मग भुग्याचे कण एकमेकांना चिकटत जातात आणि काही तासांत वाट टणक होते. म्हणूनच हे काम बहुधा रात्री चालतं. पातं उचलायचं असो की रोलर फिरवायचा, सगळा जोर हायड्रॉलिक तेलाच्या दाबाचा.

कडाक्याच्या थंडीत हे तेल घट्ट होतं. पंपाला ते पुरेसं ओढता येत नाही, तेलात बुडबुडे होतात आणि ते फुटताना पंपाच्या धातूला खड्डे पाडतात. म्हणून इंजिन चालू केल्यावर तेल कोमट होईपर्यंत थांबावंच लागतं. डिझेलमधलं मेणही गोठून फिल्टर तुंबवतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं ते याचसाठी.

सीलची गोष्ट मात्र जास्त नाजूक आहे. सील ज्या नायट्राइल नावाच्या रबराचं असतं, त्याचे लांब रेणू हलू शकतात तोवरच दाबलेलं सील परत फुलतं आणि फट बंद ठेवतं. प्रकारानुसार उणे २० ते उणे ४० अंशांच्या दरम्यान ही हालचाल थांबते, रबर काचेसारखं होतं आणि तेल झिरपू लागतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं, त्यातही थंडीने ताठरलेली रबरी ओ-रिंग, म्हणजे गोल कडीसारखं सीलच होतं. नायट्राइल रबरातल्या ॲक्रिलोनायट्राइल या घटकाचा अंश कमी केला की ते थंडीत लवचिक राहतं, पण तेल पिऊन फुगतं. त्यामुळे सील मागताना नुसतं माप सांगून भागत नाही, तापमान आणि तेलही सांगावं लागतं.

उन्हाळ्यात ग्रूमर उभाच असतो. तेव्हा सिलिंडरचे दांडे आत ओढून ठेवतात, बाहेर राहणाऱ्या भागाला ग्रीस फासतात. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या जेसीबीलाही हेच करायला हवं, कारण दांड्यावर गंजाचा एक खड्डा पडला तरी त्याची धार नवं सील कापत जाते.