निकट बचावाविरुद्धचा पास (बास्केटबॉल)

बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती असलेल्या खेळाडूला प्रतिस्पर्धी अंगालगत येऊन रोखतो, तेव्हा त्याला चुकवून सहकाऱ्याकडे चेंडू पोहोचवण्याचे तंत्र. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिबा) नियमांनुसार बचावपटू १ मीटरच्या आत सक्रियपणे अडवत असेल, तर चेंडू धरून उभ्या खेळाडूला ५ सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल (चेंडूला टप्पे देत हालचाल) करावेच लागते. अन्यथा चेंडू प्रतिपक्षाला मिळतो.

नवखा खेळाडू अशा वेळी छातीसमोरून जोरात पास देतो आणि तो समोरच्याच्या हातात जातो. वास्तविक येथे मनगटापेक्षा पावलांचे काम अधिक असते. पिव्हटचा पाय (जागा न सोडता ज्यावर वळता येते तो) रोवून मोकळा पाय बचावपटूच्या समोरून आडवा टाकला, की पासकर्त्याचा खांदा मध्ये येतो, चेंडू पलीकडच्या कमरेशी सुरक्षित राहतो आणि तेथून एका हाताने तो बचावपटूच्या पावलाबाहेरून टप्पा देऊन काढता येतो. हा टप्पा साधारणतः अंतराच्या दोन तृतीयांशावर पडावा, म्हणजे चेंडू सहकाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर येतो. टप्प्याचा पास संथ असल्याने लांबवर मात्र तो घातक ठरतो. पिव्हटचा पाय घसरला तर ट्रॅव्हलिंग (चेंडू धरून नियमबाह्य पाऊल हलवण्याचा दोष) होते.

बचावपटूची जवळीक हेच त्याचे वैगुण्य असते, कारण त्याचे हात एकाच वेळी वर आणि खाली असू शकत नाहीत. हात वर असतील तर काखेखालून, खाली असतील तर कानाजवळून वाट मोकळी असते. ती नसेल तर हुलीने करून घ्यावी लागते. कोल्हापुरात खासबागेतल्या कुस्त्या पाहत वाढलेल्या मुलांना हे फारसे समजावावे लागत नाही, कारण वर हूल देऊन खाली पट काढणारा (पाय धरून पाडणारा) मल्ल त्यांच्या ओळखीचा असतो. हूल वीतभरच असावी. हात लांबवून दिलेली हूल पासकर्त्याचाच तोल घालवते. चेंडू डोक्यामागे नेणे तर टाळावेच, कारण मागून आलेला दुसरा बचावपटू तो सहज काढून घेतो.

पाऊस पडून गेल्यावर शाळेच्या उघड्या सिमेंटच्या मैदानावर ओला चेंडू टप्प्यानंतर उसळण्याऐवजी सरपटत जातो, तेव्हा कानाजवळचा सरळ पास बरा.

पास घेणाऱ्याने जागेवर थांबून चालत नाही. त्याने आधी दूर जाण्याचा आव आणून, दिशा बदलून चेंडूकडे दोन पावले यावे आणि बचावपटूपासून दूरचा हात पुढे करून लक्ष्य दाखवावे.