सूत्रातील दोन वजा चिन्हे

वर्गसमीकरण सोडवण्याचे सूत्र शाळेत बहुतेकांनी पाठ केलेले असते: वजा बी, अधिक-वजा वर्गमुळात बी वर्ग वजा चार ए सी, भागिले दोन ए. यात वजा चिन्ह दोनदा येते आणि दोन्ही वेळा त्याचे काम निराळे असते. पहिले एकट्या ‘बी’चे चिन्ह बदलते, दुसरे दोन पदांमध्ये उभे राहून वजाबाकी करते. म्हणून उत्तम छपाईत पहिल्यानंतर मोकळी जागा सोडत नाहीत, दुसऱ्याच्या मात्र दोन्ही बाजूंना थोडी सोडतात. खिळे जुळवणारा कसलेला कंपोझिटर हा फरक हाताने साधत असे.

१९७७मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. खिळ्यांच्या जागी आलेल्या नव्या तंत्राने सूत्रांचे जे रूप झाले होते ते त्यांना इतके खटकले, की त्यांनी स्वतःच ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. पुढे लेस्ली लँपोर्ट या दुसऱ्या संगणकशास्त्रज्ञांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारले.

या प्रणालीत जागा किती सोडायची हे लिहिणारा सांगत नाही. प्रत्येक चिन्हाचा एक वर्ग ठरलेला असतो: साधे चिन्ह, क्रियाचिन्ह, संबंधचिन्ह (जसे बरोबरचे), उघडणारा कंस वगैरे. वजा मुळात क्रियाचिन्हांत मोडते. परंतु ते सूत्राच्या आरंभी, बरोबरच्या चिन्हानंतर किंवा उघडत्या कंसानंतर आले, तर त्याच्या डावीकडे वजा करण्याजोगे काही नाही हे ओळखून प्रणाली त्याला साधे चिन्ह मानते. टंकाच्या आकारावर ठरणाऱ्या ‘एम’ या मापाचे अठरा भाग केले, तर क्रियाचिन्हाच्या दोन्ही बाजूंना साधारण चार-चार आणि संबंधचिन्हाच्या बाजूंना पाच-पाच भाग जागा सुटते. वर्गमुळाखालचा घातांक तर नेहमीपेक्षा किंचित कमी उंचीवर बसतो, कारण वर रेघ असते. इतका बारीक विचार नियमांत बांधलेला पाहिला की मला कनूथ यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

लिहिणाऱ्याने फक्त रचना सांगायची: ‘फ्रॅक’ या आज्ञेपुढे एका महिरपी कंसात अंश, दुसऱ्यात छेद.

बडोद्यात मराठीतून गणिताची टिपणे काढणाऱ्या शिक्षकांना एक अडचण हमखास येते. सूत्राच्या मधोमध ‘जेथे’ किंवा ‘जर’ असा शब्द सरळ टंकला, तर सूत्राच्या टंकात देवनागरी अक्षरे नसल्यामुळे तो सहसा छापलाच जात नाही आणि त्याची सूचना नोंदींच्या फायलीत दडून राहते. हा मजकूर आहे, चल नव्हे, असे ‘टेक्स्ट’ या आज्ञेने सांगितले आणि देवनागरी टंक निवडलेला असला, की शब्द जागच्या जागी उमटतो. येथेही प्रश्न रूपाचा नसून ती वस्तू काय आहे हे सांगण्याचा आहे.

सूत्राचे छायाचित्र चिकटवण्याची सोपी वाट मला म्हणूनच मान्य नाही. वेबपृष्ठांसाठी १९९८मध्ये प्रमाणित झालेल्या ‘मॅथएमएल’मध्ये अंश, छेद, घातांक यांना स्वतंत्र खुणा आहेत, त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर अपूर्णांक कोठे सुरू होतो आणि वर्गमूळ कोठे संपते हे बोलून दाखवू शकते. चित्रात त्याच्या हाती लागण्याजोगे काहीच नसते.