साखर सोडली, सिगारेट राहिली

मधुमेह निघाला की माणूस पहिली कुऱ्हाड गोडावर घालतो. मिठाई बंद, सरबत बंद, फळंसुद्धा मोजून. आणि हे सगळं अभिमानाने सांगताना बोटांत सिगारेट असते! धुरात कुठे आली साखर, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चुकतो तो इथेच, कारण रक्तातली साखर वाढायला दरवेळी साखर खावीच लागते असं नाही.

झुरका घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि शरीर ॲड्रेनलिन सोडतं. हे संकटकाळचं रसायन. मागे वाघ लागलाय अशा समजुतीने यकृत साठवणीतली साखर रक्तात ओतू लागतं आणि स्नायू इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोहोचवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देईनासे होतात. खरंच वाघ असता तर ती साखर धावण्यात खर्च झाली असती. इथे माणूस खुर्चीत बसलेला, आणि हा खोटा वाघ दिवसातून वीस वेळा येतो. इन्सुलिन आहे पण पेशी त्याचं ऐकत नाहीत, हीच टाइप २ मधुमेहाची सुरुवात. धुरामुळे अंगात कायम धुमसणारा दाह तिला आणखी खतपाणी घालतो.

‘पण मी तर सडपातळ आहे,’ हे उत्तर हमखास येतं. निकोटिन भूक मारतं, त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्यांचं वजन सरासरीने कमी भरतं हे खरं. मात्र असलेली चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ जमण्याकडे कल असतो, आणि मधुमेहाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट चरबी हीच. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेला लावलेली टेप जास्त खरं बोलते.

२००७ साली २५ अभ्यासांची, म्हणजे सुमारे १२ लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाची जोखीम ४४ टक्के जास्त निघाली. दिवसाला २० किंवा अधिक ओढणाऱ्यांमध्ये ६१ टक्के, सोडलेल्यांमध्ये २३ टक्के. ओढणारे व्यायामही कमी करतात, दोष त्याचा असेल, ही शंका रास्तच होती. पण सिगारेटींच्या आकड्यासोबत जोखीमही चढत जाते, तेव्हा ती शंका दुबळी पडते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यप्रमुखाच्या, अहवालाने धूम्रपान हे टाइप २ मधुमेहाचं एक कारण आहे असं स्पष्टच म्हटलं.

मधुमेह झाल्यावर तर त्याची आणि सिगारेटची युतीच होते. पायाचा अंगठा घ्या. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या, बूट चावला तरी कळत नाही. जखम भरायला रक्त हवं, तर रक्तवाहिन्या साखरेने आणि धुराने मिळून अरुंद केलेल्या. जे रक्त पोहोचतं त्यातही ऑक्सिजनच्या जागेवर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू बसलेला. अशी जखम चिघळते आणि कधी कधी बोट कापावं लागतं.

आता सिगारेट सोडण्याबद्दल एक अडचणीची गोष्ट. ती रुग्णाला आधीच सांगायला हवी असं माझं ठाम मत आहे, नाहीतर पुढे त्याला फसवल्यासारखं वाटतं. सिगारेट सुटली की भूक परतते आणि पहिल्या वर्षात वजन सरासरी ४ ते ५ किलो वाढतं. त्यामुळे सोडल्यानंतरची काही वर्षं मधुमेहाची जोखीम उतरण्याऐवजी थोडी चढते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ती ५ ते ७ वर्षांनी सर्वाधिक दिसली आणि मग उतरत गेली. ज्यांचं वजन वाढलं नाही, त्यांच्यात ही चढण दिसलीच नाही. आणि वजन वाढलेल्यांमध्येही, ओढतच राहिलेल्यांच्या तुलनेत मृत्यू कमीच होते. ‘सोडली तर जाड होईन’ ही सबब तिथे संपते.

इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी मात्र सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवावी. सिगारेट बंद झाली की पेशी पुन्हा इन्सुलिनचं ऐकू लागतात, आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस जास्त ठरून साखर एकदम खाली येऊ शकते. सुरुवातीचे काही आठवडे साखर मोजायचा ग्लुकोमीटर नेहमीपेक्षा जास्त वेळा हातात घ्यावा लागतो.