बर्नआउट की डिप्रेशन? दिसायला सारखं, पण उपाय वेगळा

सकाळी उठवत नाही. लॅपटॉप उघडायचा म्हटलं की नको होतं. झोप धड नाही, लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. शेवटच्या वर्षाला असलेली किंवा पहिल्या नोकरीत रुळू पाहणारी मुलं हे सांगतात, तेव्हा एक मित्र म्हणतो, ‘बर्नआउट आहे, सुट्टी घे.’ दुसरा म्हणतो, ‘हे डिप्रेशन असेल.’ लक्षणं इतकी मिळतीजुळती आहेत की दोघांनाही दोष देता येत नाही. पण चुकीच्या समजुतीत महिने निघून जातात, म्हणून हा फरक प्रत्येक तरुणाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

बर्नआउट कामाला चिकटलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये त्यावर लिहिलं आणि पुढे क्रिस्टिना मास्लॅक यांनी त्याच्या तीन बाजू दाखवल्या: पार गळून जाणं, कामाबद्दल आणि त्यातल्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण ती आजार म्हणून नाही, तर नोकरीतल्या न आवरलेल्या, दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून. ही व्याख्या नोकरीपुरतीच असली, तरी संशोधकांनी विद्यार्थ्यांमध्येही याच तीन बाजू मोजल्या आहेत.

डिप्रेशन हा आजार आहे. तो कामापुरता थांबत नाही. मन सतत उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यांपैकी किमान एक लक्षण निदानासाठी लागतंच. त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार अशी इतर लक्षणं धरून नऊपैकी किमान पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसावी लागतात.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: काम बाजूला ठेवलं तर काय उरतं? सबमिशन संपल्यावर गाणं ऐकावंसं वाटतं, मैत्रिणीशी बोलताना हसू येतं, रविवारी जरा बरं वाटतं पण संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, तर रोख बर्नआउटकडे आहे. आवडीची गाणीही बेचव लागतात, सुट्टी लागूनही फरक पडत नाही, आणि ‘मी या कामात कमी पडतोय’ऐवजी ‘मीच निरुपयोगी आहे’ असं वाटतं, तर डिप्रेशनची शंका घ्यायला हवी.

खरी गफलत उपायात होते. बर्नआउटमध्ये विश्रांती हवीच, पण परतल्यावर कामाचा बोजा, वेळा, वरिष्ठांची वागणूक तशीच असेल तर काही आठवड्यांत पुन्हा तीच अवस्था होते. बदल कामात व्हावा लागतो. निव्वळ प्राणायाम करायला सांगून ती जबाबदारी मुलांच्या गळ्यात मारणं मला अन्यायाचं वाटतं. डिप्रेशनमध्ये मात्र नुसतं पडून राहणं, लोकांपासून तुटणं यानं आजार उलट बळावू शकतो. तिथे समुपदेशनात हळूहळू, ठरवून छोट्या कृती परत सुरू करायला शिकवतात, आणि गरज असल्यास औषधं दिली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून ती सोडू नयेत.

अर्थात ही रेघ पक्की नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. शिवाय थायरॉइड, रक्तक्षय किंवा बी-12 ची कमतरता यांमुळेही असाच थकवा येतो, म्हणून तपासणी करून घेणं शहाणपणाचं. कोणतं आहे हे स्वतःच ठरवत बसायचीही गरज नाही. दोन आठवडे असंच चाललं असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा, त्याला सोबत घेऊन दवाखाना गाठा.