लोखंडाला पाणी देताना

मृगाच्या तोंडावर विदर्भातल्या गावखेड्यांत लोहाराच्या भात्यापुढे वखराच्या पासा, विळे आणि कुऱ्हाडी यांचा ढीग पडतो. त्याचे छप्पर काहीसे अंधारे असते आणि ते तसेच असावे लागते. कारण तापलेल्या लोखंडाचा रंग हेच त्याचे तापमापक असून भर उन्हात तो रंग ओळखू येत नाही. मंद लाल म्हणजे साधारण 700 अंश सेल्सिअस, पिवळसर नारिंगी म्हणजे हजाराच्या आसपास. पांढऱ्या झोतातून ठिणग्या फुटू लागल्या, तर लोखंड जळू लागले आहे.

पोलाद 727 अंशांच्या वर गेले की त्यातील अणूंची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बन पुष्कळ अधिक विरघळतो. सावकाश निवू दिल्यास हा कार्बन बाहेर पडतो, पण लालबुंद धार पाण्यात बुडवली की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. अर्थात मुळात कार्बन हवा: साध्या पट्टीत तो जेमतेम 0.2 टक्के असतो, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात 0.5 ते 0.6. पाट्याचाच विळा मागणारे गिऱ्हाईक उगाच हट्टी नसते.

लोखंडाची ही ओळख इथे जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे 1978 ते 1980 दरम्यानच्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली.

खरे कसब मात्र पाणी दिल्यानंतरचे. नुसती विझवलेली धार काचेसारखी ठिसूळ असते. म्हणून लोहार फक्त धारेकडचा भाग बुडवतो, लगेच काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीकडच्या भागात राहिलेली उष्णता धारेकडे सरकते, पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो आणि त्याच्या जाडीनुसार, ओल्या रस्त्यावरच्या तेलासारखे, रंग उमटतात: सुमारे 230 अंशांना फिका पिवळा, मग तपकिरी, 280 ला जांभळा, 300 ला निळा. विळ्याची धार पिवळी होताच तो पाण्यात जातो. दणके सोसणाऱ्या कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ देतात. ग्राइंडरवर घाईने लावलेली धार निळी पडली, तर तिचे पाणी उतरलेले असते आणि विळा पुन्हा भट्टीतच आणावा लागतो.